पार्श्वभूमी : कारखान्यांचा पाण्या-विजेचा हिशेब क्लाउडवर कसा गेला

छत्रपती संभाजीनगरच्या वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा या औद्योगिक वसाहतींतल्या लहान पुरवठादारांकडे अलीकडे मोठ्या ग्राहक कंपन्यांचे ‘सस्टेनेबिलिटी’चे, म्हणजे शाश्वततेचे, ऑनलाइन फॉर्म येऊ लागले आहेत. महिन्याला वीज किती युनिट, पाणी किती घनमीटर, डिझेल किती, भंगार किती आणि हे सगळं तयार मालाच्या टनामागे किती. फॉर्म नवा असला तरी त्यातला प्रश्न मराठवाड्याला जुना आहे. इथे तो कार्बनपासून नव्हे, पाण्यापासून सुरू झाला.

‘शाश्वत’ हा शब्दही इथे शेतातूनच आला. जमिनीचा सौदा करताना ‘विहिरीला शाश्वत पाणी आहे का’ असं विचारतात, तेव्हा मे महिन्यात पाणी पुरतं का, एवढंच विचारायचं असतं. सौर कृषिपंपाच्या अर्जातही शाश्वत जलस्रोताची अट असते. सॉफ्टवेअर विकायला येणारे मात्र हाच शब्द धंदा बंद पडू नये या अर्थाने वापरतात: डेटाचा बॅकअप, कुठूनही करता येणारं बिलिंग. माझ्या लेखी विहिरीचा अर्थ सगळ्यांत कडक, कारण तो मोजून तपासता येतो.

1985 साली वाळूजला दुचाकींचा मोठा कारखाना सुरू झाला आणि त्याच्याभोवती सुटे भाग करणाऱ्यांची वस्ती वाढली. मोठ्यांकडे स्वतःची संगणक यंत्रणा असायची, लहानांकडे हिशेबाचं टॅली सॉफ्टवेअर, चलन बुकं आणि गेटवरची वही. सर्व्हर असलाच तर मालकाच्या केबिनमागे, इन्व्हर्टरच्या भरवशावर. भारनियमनाच्या वर्षांत तो रोजच धापा टाकायचा. 2006 मध्ये एका अमेरिकी कंपनीने आपल्या संगणकांवरची साठवण आणि गणनक्षमता इंटरनेटवरून भाड्याने द्यायला सुरुवात केली, यालाच क्लाउड म्हणतात, त्याची इथे कुणाला खबरही नव्हती. 2015-16 मध्ये अशा कंपन्यांनी पुणे-मुंबई पट्ट्यात डेटा सेंटरं उघडली, 2017 मध्ये जीएसटी आला आणि हिशेब ऑनलाइन ठेवण्यावाचून गत्यंतर उरलं नाही.

पण खरं वळण त्या मधल्या उन्हाळ्यातलं. एप्रिल 2016 मध्ये जायकवाडी धरणात वापरायोग्य साठा जवळपास उरला नव्हता. 12 एप्रिलला मिरजेहून रेल्वेने लातूरला पाण्याची पहिली खेप आली, 10 वाघिणींतून सुमारे 5 लाख लिटर. त्याच महिन्यात जनहित याचिकेवर उच्च न्यायालयाच्या इथल्या खंडपीठाने उद्योगांच्या पाण्यात कपात करायला सांगितलं. मद्यनिर्मिती कारखान्यांसाठी ती 60 टक्क्यांपर्यंत गेली. इतरांसाठी कमी, पण तीही सरसकट. पिण्याचं पाणी आधी, यावर कुणाचं दुमत नव्हतं आणि नसावं. वाद वेगळाच होता. उद्योजक म्हणत होते की एकूण पाण्यात आमचा वाटा थोडा, त्यावर हजारो हातांचं काम चालतं. टँकरच्या रांगेतल्या माणसाला हे ऐकून घेणं शक्यच नव्हतं.

मला त्यात तिसरीच गोष्ट दिसली. कपात आदल्या पुरवठ्याच्या टक्केवारीत होती. ज्याने आधीच पाणी पुन्हा वापरायची सोय केली होती, त्याच्याकडे कापायला काही उरलं नव्हतं. ज्याची टाकी वर्षानुवर्षं ओसंडत होती, त्याला कपात सहज झेपली. हा फरक सिद्ध करायला टनामागचा पाणीवापर लागतो आणि तो आकडा फार थोड्यांकडे होता. त्या मे महिन्यात एका कारखान्यात मी पाण्याची वही पाहिली होती. तारीख, ‘10 हजार – 2’, ‘12 हजार – 1’, म्हणजे किती लिटरचे किती टँकर, पुढे वॉचमनची सही. त्या दिवशी माल किती निघाला ते दुसऱ्या वहीत, दुसऱ्या खोलीत. दोन्ही वह्या कधी एकत्र आल्याच नव्हत्या.

क्लाउडवरच्या साधनांनी केलं ते नेमकं हेच, दोन वह्या एका पानावर आणल्या. सिमकार्ड असलेला फ्लो मीटर, म्हणजे पाइपातून किती पाणी गेलं ते मोजणारा मीटर, दर 15 मिनिटांनी आकडा पाठवतो. रविवारी कारखाना बंद असताना रात्री दोन वाजताही मीटर फिरताना दिसला, म्हणजे लाइन कुठेतरी गळते आहे. हे वहीत कधीच दिसत नाही. आणि नोंद वर्षानुवर्षं टिकते, हे त्याहून मोठं. सलग दोन पावसाळे बरे गेले की इथे टंचाईचा विषय कपाटात जातो.

विजेचंही तसंच. जालन्यातल्या पोलाद कारखान्यांत विजेवरच्या इंडक्शन भट्टीत टनभर भंगार वितळवायला साधारण 600 युनिट लागतात. आपल्या ग्रीडची वीज युनिटमागे सुमारे 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड सोडते, म्हणजे टनाला सुमारे 420 किलो झाला. 2020 पासून उच्चदाब ग्राहकांचं बिल केव्हीएएच पद्धतीने, म्हणजे कामी आलेल्या नव्हे तर ओढलेल्या एकूण विजेवर, येऊ लागलं आणि पॉवर फॅक्टर (ओढलेल्या विजेपैकी कामी आलेल्या विजेचं प्रमाण) थेट खिशाला लागला. कार्बनच्या नावाने नव्हे, या बिलाच्या धास्तीने कित्येकांनी मीटर ऑनलाइन जोडले. त्याच वर्षीच्या लॉकडाउनमध्ये ज्यांचा डेटा ऑफिसातल्या एका मशीनमध्ये अडकला होता, त्यांनीही धडा घेतला.

त्यानंतर बाहेरून रेटा आला. शेअर बाजाराच्या नियामकाने, सेबीने, 2021 मध्ये कंपन्यांच्या शाश्वततेचा नवा अहवाल-नमुना आणला आणि 2022-23 पासून शेअर बाजारात नोंदलेल्या, बाजारमूल्याने पहिल्या हजार कंपन्यांना सक्तीचा केला. 2023 मध्ये पुरवठा साखळीची माहितीही मागितली, पुढे ती ऐच्छिक केली. ऑक्टोबर 2023 पासून युरोपला पोलाद, अगदी नट-बोल्टसुद्धा, पाठवताना कार्बनचा तपशील द्यावा लागतो. त्यामुळे सेबीची माहिती ऐच्छिक झाली तरी ग्राहक कंपन्यांनी फॉर्म पाठवणं थांबवलेलं नाही.

सेबीच्या त्या नमुन्यात पाण्याच्या स्रोतासाठी रकाने आहेत: पृष्ठभागावरचं पाणी, भूजल, तृतीय पक्षाकडचं (दुसऱ्या कुणी पुरवलेलं) पाणी, समुद्राचं पाणी, इतर. एमआयडीसीच्या लाइनीतून येणारं जायकवाडीचं पाणी तृतीय पक्षात जातं. शेजारच्या गावातल्या बोअरवरून टँकरने आणलेलं पाणीही तृतीय पक्षातच. एक धरणातलं, दुसरं कुणाच्या तरी विहिरीची पातळी उतरवून आलेलं, आणि डॅशबोर्डवर दोघांची बेरीज एकाच रंगाच्या पट्टीत दिसते. लहान पुरवठादारांनी निदान स्वतःच्या तक्त्यात टँकरचा रकाना वेगळा ठेवावा आणि त्यात गावाचं नावही लिहावं.