पिवळ्या टेपवरची काळी रेघ

मोबाइल दुरुस्तीच्या टेबलावर पिवळट तपकिरी, आरपार दिसणारी एक टेप हमखास असते. बोर्डावर गरम हवा मारताना शेजारचे भाग भाजू नयेत म्हणून कारागीर ती लावतो. ती पॉलिइमाइड नावाच्या, उष्णता सोसणाऱ्या प्लास्टिकची. आणि सांगलीत ट्रॉफ्यांवर, अ‍ॅक्रिलिकच्या पाट्यांवर नावं कोरायला जे कार्बन डायऑक्साइड लेसरचं यंत्र वापरतात, तसल्याच लेसरनं या पॉलिइमाइडवर रेघ मारली तर ग्राफीन तयार होतं. अमेरिकेतल्या राइस विद्यापीठात जेम्स टूर यांच्या गटानं २०१४ मध्ये हे दाखवलं. लेसरचा ठिपका फिरतो तिथं क्षणभर प्रचंड तापतं, बाकीचे अणू वायू होऊन निघून जातात, उरतो कार्बन: काळा, सच्छिद्र, वीज वाहणारा. (घरी करू नका, धूर वाईट असतो.) याच काळ्या रेघेपासून विषाणू ओळखणारे सेन्सर करायची खटपट चालू आहे.

अस्सल ग्राफीन म्हणजे एकाच अणूच्या जाडीचा पापुद्रा. २००४ मध्ये मँचेस्टरला आंद्रे गाइम आणि कॉन्स्टंटिन नोव्होसेलोव्ह यांनी ग्राफाइटवरून तो चक्क चिकटपट्टीनं सोलला. २०१० चं नोबेल त्यांना त्यासाठीच मिळालं. यात आतला अणू असा नसतोच, सगळे पृष्ठभागावर. एक ग्रॅम पसरलं तर दोन्ही बाजू मिळून साधारण २,६३० चौरस मीटर, म्हणजे सव्वीस गुंठे! त्यामुळं पृष्ठभागाला काहीही चिकटलं की वीजप्रवाहात लगेच फरक पडतो.

पण नेमका विषाणूच चिकटावा कसा? त्यासाठी ग्राफीनवर त्या विषाणूला धरणारी प्रतिपिंडं, म्हणजे शरीर रोगजंतूंशी लढायला बनवतं तसली प्रथिनं, बसवतात. दक्षिण कोरियातल्या संशोधकांनी २०२० मध्ये कोरोनाच्या काट्यांना धरणारी प्रतिपिंडं बसवून ग्राफीनचा ट्रान्झिस्टर, म्हणजे वीजप्रवाह कमीजास्त करणारा छोटा भाग, केला. त्याच वर्षी अमेरिकेतल्या कॅलटेक संस्थेत वेई गाव यांच्या गटानं लेसरनं कोरलेल्या ग्राफीनच्या लवचिक पट्टीवर विषाणूचं प्रथिन आणि शरीरानं दिलेला प्रतिसाद एकत्र मोजला. मार्च २०२० मध्ये इस्लामपुरात रुग्ण सापडले, तेव्हा घशातले नमुने तपासायला पुण्याला जायचे आणि इथं सगळे फोनकडं डोळे लावून बसायचे. मिरजेत प्रयोगशाळा झाली ती नंतर. आरटी-पीसीआरमध्ये विषाणूच्या आरएनएपासून आधी असंख्य प्रती कराव्या लागतात, त्यात तास जातात. सेन्सरला प्रती लागत नाहीत, काम मिनिटांत होतं.

मग हे अजून औषधाच्या दुकानात का नाही? माझ्या मते खरी अडचण ग्राफीनची नाही, मिठाची आहे. लाळ आणि रक्त खारट असतं. त्यातले आयन, म्हणजे विद्युतभार असलेले अणू, विषाणूच्या विद्युतभाराभोवती कोंडाळं करतात आणि जेमतेम नॅनोमीटरभर (मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) अंतरावर तो भार जाणवेनासा होतो. तासगावच्या रथोत्सवात दोराला हात लावलेला माणूस चार पावलांवरून दिसत नाही, तसंच. प्रतिपिंडाची लांबीच दहा नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे विषाणू धरला जातो तो ग्राफीनच्या नजरेपलीकडं. म्हणून पुष्कळ प्रयोगांत नमुना पातळ करून घेतात. आकडे छान येतात, पण थुंकी काही पातळ होऊन येत नाही. २०२० मध्येच इलिनॉय विद्यापीठात ग्राफीन मुद्दाम चुरगाळून पाहिलं. सुरकुत्यांच्या खोबणीत आयनांची गर्दी तितकी होत नाही, संवेदनक्षमता कैक पटींनी वाढली. मला यातला हा सगळ्यात हुशार उपाय वाटतो.

लवचिकपणाचीही किंमत आहे. ग्राफीन नुसतं ताणलं तरी त्याचा रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, बदलतो. मास्कमध्ये बसवलेली पट्टी बोलताना वाकली आणि तिनं विषाणू आला म्हणून सांगितलं, तर काय घ्या! त्यासाठी शेजारी प्रतिपिंडं नसलेली दुसरी रेघ ठेवतात आणि दोन्हींतला फरक तेवढा मोजतात.

आणि ऊन. प्रतिपिंडं म्हणजे प्रथिनं, त्यांना थंडावा लागतो. जत-आटपाडीच्या मे महिन्यात उपकेंद्राची वीज गेली की फ्रिजही गेला. म्हणून प्रतिपिंडांच्या जागी अ‍ॅप्टामर, म्हणजे विशिष्ट घडी पडून प्रथिनाला पकडणारे डीएनएचे छोटे धागे, वापरून पाहताहेत. ते वाळवून ठेवले तर उष्णता बऱ्यापैकी सोसतात.