मॅगी यांचा खून फेनियनांनीच केला, हे सिद्ध झालं होतं का?

कॅनडाचे राजकारणी थॉमस डार्सी मॅगी यांच्याबद्दल हमखास सांगितलं जातं: फेनियन संघटनेने, म्हणजे आयर्लंडला ब्रिटिश सत्तेतून मुक्त करू पाहणाऱ्या गुप्त क्रांतिकारी संघटनेने, कट रचून त्यांना मारलं आणि खुन्याला फाशी झाली. फाशी झाली हे खरं, पण कट न्यायालयात कधीच सिद्ध झाला नाही.

आयर्लंडमध्ये जन्मलेले मॅगी ब्रिटिशांविरुद्धच्या 1848 च्या फसलेल्या उठावानंतर पाद्र्याच्या वेशात अमेरिकेला निसटले. 1857 मध्ये ते माँट्रियलला आले आणि पुढे कॅनडाच्या संघराज्याच्या शिल्पकारांपैकी एक झाले. फेनियनांवर ते उघड तुटून पडत, त्यामुळे खुनाचा संशय फेनियनांवर जाणं साहजिकच होतं.

7 एप्रिल 1868. संसदेतली रात्रीची चर्चा आटोपून पहाटे दोनच्या सुमारास ते ओटावातल्या स्पार्क्स स्ट्रीटवरच्या आपल्या बोर्डिंग हाउसवर परतले. दाराशी वाकून कुलूप उघडत असतानाच मागून गोळी लागली. वय अवघं 42.

पॅट्रिक व्हेलन या शिंप्याला अटक झाली. त्याच्याकडे पिस्तूल सापडलं, पण तो फेनियन असल्याचं न्यायालयात कधी शाबीत झालं नाही. गोळी आपण झाडली नाही, असं तो शेवटपर्यंत म्हणत राहिला. खटल्याच्या वेळी पंतप्रधान मॅकडोनल्ड न्यायाधीशांच्या शेजारी बसले होते, ही गोष्ट मला आजही खटकते. 11 फेब्रुवारी 1869 ला व्हेलनला जाहीर फाशी दिली गेली. तो निर्दोष होता असा माझा दावा नाही. पण ‘फेनियनांचा कट’ हे शब्द सिद्ध सत्य म्हणून लिहू नयेत.