व्होल्टेज कोणाच्या हातात? ग्राफिक्स कार्ड ओव्हरक्लॉकिंगची पार्श्वभूमी

2002 साली ग्राफिक्स चिप बनवणाऱ्या एनव्हिडियाने जीफोर्स4 टीआय मालिकेतील 4200, 4400 आणि 4600 अशी तीन कार्डे बाजारात आणली. त्यांच्या चिपची घोषित गती अनुक्रमे 250, 275 आणि 300 मेगाहर्ट्झ होती आणि किमतींत ठळक अंतर होते, पण तिन्ही कार्डांवर बसवलेली मूळ चिप एकच होती. स्वस्तातले 4200 विकत घेऊन ते 4600 च्या गतीपर्यंत नेणे, म्हणजेच चिप घोषित गतीपेक्षा वेगाने चालवण्याचे ओव्हरक्लॉकिंग, हा त्या काळातील हौशी मंडळींचा आवडता उद्योग झाला, तो याच कारणाने. हे सर्वांनाच साधत नसे. पण ज्यांना साधत नसे त्यांच्यापुढे चिपला मिळणारे व्होल्टेज वाढवणे आणि वाढलेली उष्णता अधिक चांगल्या रीतीने बाहेर काढणे हा एक मार्ग उरत असे. आज हा मार्ग जवळपास बंद झाला आहे. तो का बंद झाला हे समजून घ्यायचे तर मुळात ही वाढीव गती येते कुठून, तेथूनच सुरुवात करावी लागते.

एकाच सिलिकॉन तबकडीतून कापलेल्या चिपा गुणांनी सारख्या नसतात. काही कमी व्होल्टेजवर वेगाने चालतात, तर काहींना तेवढ्याच गतीसाठी जास्त व्होल्टेज लागते. उत्पादकाला मात्र एका मॉडेलची लाखो कार्डे एकाच घोषित गतीने विकायची असतात, म्हणून तो सर्वांत अशक्त चिप, धूळ भरलेला कोंदट कॅबिनेट आणि काही वर्षांची झीज अशी सारी प्रतिकूलता एकत्र गृहीत धरून व्होल्टेज आणि गती ठरवतो. बहुसंख्य चिपांच्या बाबतीत त्यामुळे बराच वाव शिल्लक राहतो. ओव्हरक्लॉकिंगचा सारा इतिहास हा या शिल्लक वावावर हक्क कोणाचा, याचा इतिहास आहे, असे म्हटले तर ते चुकीचे ठरणार नाही.

या छंदाची चटक आधी प्रोसेसरने लावली. इंटेलचा 1998 चा सेलेरॉन 300ए हा प्रोसेसर मदरबोर्डवरील बसची (माहिती वाहणाऱ्या मार्गाची) गती 66 वरून 100 मेगाहर्ट्झ करताच 300 ऐवजी 450 मेगाहर्ट्झने धावू लागे, आणि बहुतेकांना त्यासाठी फारसे काही करावे लागत नसे. ग्राफिक्स कार्डांच्या बाबतीत 3डीएफएक्स कंपनीच्या वूडू3 मालिकेच्या काळात, म्हणजे 1999 च्या सुमारास, तोच प्रयोग सॉफ्टवेअरने होत असे. पॉवरस्ट्रिप हे साधन होते; एनव्हिडियाच्या ड्रायव्हरमध्ये लपवलेला गतीचा सरकपट्टा ‘कूलबिट्स’ नावाची नोंद विंडोजच्या रजिस्ट्रीत घातली की उघडत असे; आणि पुढे रशियन प्रोग्रामर अलेक्सी निकोलायचुक यांचा रिव्हाट्यूनर सर्वांवर मात करून गेला. ही सारी साधने केवळ गती बदलत. व्होल्टेज मात्र कार्डवरच्या रेझिस्टरांनी ठरवलेले असे, आणि तेथे कोणत्याही सॉफ्टवेअरचा हात पोहोचत नसे.

व्होल्टेजला इतके महत्त्व का, हे थोडक्यात सांगायला हवे. ट्रान्झिस्टरला जास्त व्होल्टेज मिळाले की तो अधिक वेगाने उघडझाप करतो, म्हणून वरची गती स्थिर राहते. पण चिपमध्ये खर्च होणारी शक्ती गतीच्या प्रमाणात आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. दोन्ही प्रत्येकी 10 टक्क्यांनी वाढवले तर शक्ती सुमारे 33 टक्क्यांनी वाढते, आणि ही सगळी शेवटी उष्णताच होते. त्यात भर म्हणजे चिप जितकी तापते तितका तिच्यातील गळतीचा, म्हणजे बंद ट्रान्झिस्टरमधूनही झिरपणारा, प्रवाह वाढतो आणि तो पुन्हा तिला तापवतो. म्हणून व्होल्टेज वाढवणे आणि कूलिंग सुधारणे ही दोन वेगळी कामे नव्हतीच. पहिले केले की दुसरे करावेच लागे, आणि दुसरे नीट जमले तर पहिल्याची गरज काही अंशी कमी होत असे.

हार्डवेअर व्होल्टमॉड ही कल्पना कागदावर फार सोपी आहे. कार्डवरील रेग्युलेटरचा, म्हणजे चिपचे व्होल्टेज ठरवणाऱ्या सर्किटचा, नियंत्रक बाहेर पडणाऱ्या व्होल्टेजचा काही अंश दोन रेझिस्टरांच्या विभाजकातून परत वाचतो, त्याची आपल्या अंतर्गत संदर्भाशी तुलना करतो आणि दोन्ही जुळेपर्यंत व्होल्टेज वरखाली करतो. समजा संदर्भ 0.8 व्होल्ट आहे आणि विभाजकातील दोन्ही रेझिस्टर 1 किलोओहमचे आहेत, तर चिपला 1.6 व्होल्ट मिळतील. आता खालच्या रेझिस्टरला समांतर असा 20 किलोओहमचा रेझिस्टर जोडला, तर खालचा एकत्रित रोध सुमारे 952 ओहम होतो, नियंत्रकाला परत मिळणारा अंश घटतो आणि तो भरून काढण्यासाठी तो व्होल्टेज 1.64 पर्यंत चढवतो. म्हणजे नियंत्रकाची एका अर्थाने फसवणूकच केली जाते. प्रत्यक्षात स्थिर रेझिस्टरऐवजी स्क्रूड्रायव्हरने फिरवता येणारा ट्रिमर सोल्डर करत. त्याचा कमाल रोध मूळ रोधाच्या साधारण वीसपट घ्यावी आणि कार्ड सुरू करण्यापूर्वी तो कमाल रोधावर ठेवावा, हा नियम नवशिक्यांच्या मनावर बिंबवला जाई. तो उलट टोकाला राहिला तर परत वाचले जाणारे व्होल्टेज शून्य होते, नियंत्रक मिळेल तेवढे व्होल्टेज चिपमध्ये ओततो आणि कार्ड जळायला डोळ्याचे पाते लवण्याइतकाही वेळ लागत नाही.

सोल्डरिंगची भीती वाटणाऱ्यांसाठी शिसपेन्सिलीचा मार्ग होता. ग्राफाइट विजेचे वहन करते, त्यामुळे योग्य त्या रेझिस्टरच्या अंगावर पेन्सिलीने रेघा ओढल्या की त्याचा रोध किंचित उतरतो. 2000 च्या सुमारास एएमडीच्या ॲथलॉन आणि ड्युरॉन प्रोसेसरांवरील तुटके पूल (धातूचे छोटे जोड) पेन्सिलीने जोडून गुणक, म्हणजे बसच्या गतीला ज्या आकड्याने गुणून प्रोसेसरची गती ठरते तो, खुला करण्याची युक्ती प्रसिद्ध होती, आणि तिचेच हे भावंड. यात मोठा गुण असा की रेघ खोडता येत असे, आणि दोष असा की ग्राफाइट झडले की व्होल्टेज आपोआप ढळत असे. मल्टिमीटर जवळ नसताना हा प्रयोग करणाऱ्यांविषयी मला तरी कौतुकापेक्षा काळजीच अधिक वाटते.

कूलिंगचा प्रवास जास्त उघड होता. वूडू3 च्या काळात एक छोटा हीटसिंक पुरत असे, अनेकदा पंख्याविना. 2002 मध्ये कार्डे बनवणाऱ्या अबिटने जीफोर्स4 टीआय 4200 वर ओटीईएस नावाची रचना बसवली. तिने दोन स्लॉटांची जागा व्यापली आणि गरम हवा थेट कॅबिनेटच्या मागून बाहेर फेकली. पुढच्याच वर्षी जीफोर्स एफएक्स 5800 अल्ट्रा आले आणि त्याच्या पंख्याचा आवाज इतका कुप्रसिद्ध झाला की खुद्द एनव्हिडियाने त्यावर विनोदी चित्रफीत काढली. मूळ कूलर काढून आर्क्टिक कूलिंगचा व्हीजीए सायलेन्सर किंवा झालमनचा तांब्याचा कूलर बसवणे हा त्यानंतर सामान्य वापरकर्त्याच्याही आवाक्यातला बदल झाला. 2007 च्या 8800 जीटीसारख्या, एकाच स्लॉटच्या बारीक कूलरखाली भाजून निघणाऱ्या कार्डांनी या बाजाराला चांगलेच खाद्य पुरवले. 2013 मध्ये एनझेडएक्सटीचा क्रॅकन जी10 आला आणि प्रोसेसरसाठी बनवलेला तयार लिक्विड कूलर कार्डवर बसवणेही सोपे झाले. त्याआधी ही जोडणी अनेकजण चक्क केबल टायने करत असत.

या सगळ्यात एका गोष्टीकडे सर्रास दुर्लक्ष झाले आणि त्याची किंमत अनेक कार्डांनी मोजली. वाढीव व्होल्टेजचा ताण फक्त चिपवर येत नाही. तिला वीज पुरवणारे मॉस्फेट आणि कॉइल यांच्यातून जाणारा प्रवाहही वाढतो. मोठा कूलर बसवून चिप 50 अंशांवर आणली, पण मूळ कूलरबरोबर मॉस्फेटवरची धातूची पट्टीही निघाली आणि तेथे हवाही पोहोचेना, अशा अवस्थेत कार्ड गेले तर दोष चिपचा नसतो. शिवाय हवेने किंवा साध्या पाण्याने केलेले कूलिंग खोलीच्या तापमानाखाली जाऊ शकत नाही. युरोपातील 20 अंशांच्या खोलीत मोजलेले आकडे मे महिन्यातल्या नागपुरात मिळणार नाहीत, हे आपल्याकडच्या वाचकाने धरूनच चालावे. खोलीपेक्षा थंड करण्याचा प्रयत्न केला तर बाष्प साचते, आणि मुंबई किंवा कोकणातील पावसाळी हवेत ते फार लवकर साचते.

स्पर्धात्मक ओव्हरक्लॉकर मात्र मुद्दाम तिकडेच गेले. फिनलंडमधील फ्यूचरमार्कच्या 3डीमार्क चाचण्यांनी त्यांना मोजमाप दिले, उणे 78 अंशांचा सुका बर्फ आणि उणे 196 अंशांचा द्रवरूप नायट्रोजन यांनी साधन पुरवले. व्हॅसलीन आणि मळलेले खोडरबर थापून कार्ड ओलाव्यापासून वाचवायचे, चिपवर तांब्याचे भांडे घट्ट बसवायचे आणि व्होल्टेज नेहमीच्या मर्यादेपलीकडे न्यायचे, अशी ही पद्धत होती. इतक्या थंडीत गळती जवळपास नाहीशी होत असल्याने एरवी घातक ठरणारे व्होल्टेज चिप काही मिनिटे सोसते. अमेरिकेतील विन्स लुसिडो हे या वर्तुळातील बहुधा सर्वांत ख्यातनाम नाव. ते वापरत असलेल्या ‘किंगपिन’ या टोपणनावाने ईव्हीजीए कंपनीने 2013 पासून खास कार्डेही काढली.

2008 च्या आसपास सोल्डरगन बाजूला ठेवण्याचे दिवस आले. महागड्या कार्डांवर व्होल्टेराच्या व्हीटी1165 सारखे डिजिटल नियंत्रक बसू लागले, ज्यांना आय-स्क्वेअर-सी या साध्या संदेशवाहिनीवरून आज्ञा देता येत. एएमडीच्या रेडिऑन एचडी 4870 किंवा एनव्हिडियाच्या जीफोर्स जीटीएक्स 280 चे व्होल्टेज रिव्हाट्यूनरमधून बदलता येते हे कळले, आणि त्याच रिव्हाट्यूनरच्या पायावर उभ्या राहिलेल्या एमएसआय आफ्टरबर्नरने तो सरकपट्टा सर्वांसमोर ठेवला. पुढची तीनचार वर्षे हा या छंदाचा सुवर्णकाळ होता. 675 मेगाहर्ट्झचे जीटीएक्स 460 व्होल्टेज थोडे वाढवून 800 च्या वर नेणे नित्याचे झाले, आणि 2011 च्या अखेरीस जाहीर झालेल्या 925 मेगाहर्ट्झच्या रेडिऑन एचडी 7970 मध्ये इतका वाव होता की एएमडीने सहा महिन्यांत त्याचीच वाढीव गतीची आवृत्ती विकायला काढली.

त्याच सुबत्तेत तिच्या अंताची बीजे होती. मार्च 2011 मध्ये आलेल्या दोन चिपांच्या जीटीएक्स 590 ची काही कार्डे व्होल्टेज वाढवताच समीक्षकांच्या हातीच जळाली. त्याआधीच, 2010 च्या नोव्हेंबरात, जीटीएक्स 580 वर शक्तीचा खर्च मोजणारे सर्किट आले होते, आणि फरमार्कसारखी कार्डाला पिळून काढणारी चाचणी ओळखून ते गती उतरवत असे. एएमडीचे पॉवरट्यून हे तसेच शक्तीवर मर्यादा घालणारे तंत्र डिसेंबरात आले. प्रवाह मोजणे एकदा शक्य झाले की त्यावर मर्यादा घालणेही शक्य होते.

मार्च 2012 मधील जीटीएक्स 680 ने खरा बदल घडवला. जीपीयू बूस्ट या तंत्राने कार्ड स्वतःच शक्ती आणि तापमान पाहून घोषित 1006 मेगाहर्ट्झच्या वर चढू लागले. म्हणजे वापरकर्ता जो वाव शोधून काढत असे, त्याचा मोठा भाग कंपनीने कारखान्यातच वापरून टाकला. व्होल्टेजला 1.175 व्होल्टची कमाल मर्यादा लागली, आणि ‘ग्रीन लाइट’ या मान्यता-योजनेखाली भागीदार कंपन्यांनाही ती ओलांडू देणे अवघड झाले. ईव्हीजीएने आपल्या जीटीएक्स 680 क्लासिफाइड कार्डावरून व्होल्टेज बदलणाऱ्या ईव्हीबॉट उपकरणाची जोडणी त्याच वर्षी काढून टाकली. एनव्हिडियाची बाजू अगदीच पोकळ नव्हती. जास्त व्होल्टेज आणि तापमानामुळे चिपमधील धातूच्या तारांतील अणू हळूहळू सरकतात, ही झीज 1960 च्या दशकापासून अभ्यासली गेली आहे, आणि तिच्यामुळे वॉरंटीत परत येणाऱ्या कार्डांचा भुर्दंड शेवटी कोणाला तरी सोसावा लागतो. तरीही हजारो कार्डांतील मोजक्यांच्या उद्योगासाठी सर्वांचेच हात बांधणे मला अतिरेकी वाटते.

एएमडी काही काळ सैल राहिली, पण तिचेही बोलणे आणि करणे जुळले नाही. 2015 मध्ये पाण्याने थंड होणाऱ्या रेडिऑन आर9 फ्युरी एक्सची जाहिरात ओव्हरक्लॉकरांचे स्वप्न म्हणून झाली, आणि प्रत्यक्षात विक्रीला आले तेव्हा त्याचे व्होल्टेज बंदिस्त होते. त्याच वर्षी एनव्हिडियाने ड्रायव्हरद्वारे लॅपटॉपवरील ओव्हरक्लॉकिंग बंद केले; ग्राहकांनी गदारोळ केल्यावर ते परत दिले.

एनव्हिडियाच्या 2016 च्या पास्कल पिढीत बायोसवर (कार्डातील अंगभूत सॉफ्टवेअरवर) डिजिटल स्वाक्षरीची सक्ती आली आणि बायोस संपादून व्होल्टेज किंवा शक्तीमर्यादा वाढवण्याची वाट बंद झाली. जीटीएक्स 1080 चे व्होल्टेज 1.093 वर थांबते आणि हवेवरची बहुतेक कार्डे 2 ते 2.1 गिगाहर्ट्झच्या आसपास अडतात. मग फसवणुकीची जागा बदलली. कार्ड आपली शक्ती 5 मिलिओहमच्या छोट्या शंट रेझिस्टरवर पडणाऱ्या व्होल्टेजवरून मोजते. त्याच्यावर तसाच दुसरा रेझिस्टर सोल्डर केला की रोध निम्मा होतो आणि 300 वॉट ओढणाऱ्या कार्डाला आपण 150 च ओढतो आहोत असे वाटते. काहींनी तेथे गॅलियमयुक्त लिक्विड मेटलचा थेंब ठेवला. ते कालांतराने सोल्डर कमकुवत करते आणि ॲल्युमिनियमला लागले तर तेही खाते, त्यामुळे हा मार्ग दिसतो तितका निरुपद्रवी नाही.

याच पिढीपासून कूलिंगचे महत्त्व उलट वाढले. तापमान चढेल तशी बूस्टची गती सुमारे 13 मेगाहर्ट्झच्या पायऱ्यांनी उतरते, त्यामुळे पाणी खेळवून चिप थंड करणारा चांगला वॉटरब्लॉक बसवला तर व्होल्टेजला हातही न लावता कार्ड वरच्या पायरीवर टिकून राहते. व्होल्टेज कमी करणे हा पूर्वी हास्यास्पद वाटला असता असा उपायही रूढ झाला. 2017 च्या रेडिऑन वेगा कार्डांना कारखान्यातून इतके जास्त व्होल्टेज दिलेले असे की ते उतरवल्यावर, शक्तीमर्यादा तीच असूनही, गती वाढत असे. 450 वॉटच्या आरटीएक्स 4090 चे मालक आज आफ्टरबर्नरमधील व्होल्टेज आणि गतीची वक्ररेषा वर नव्हे तर खाली ओढताना दिसतात. ईव्हीजीएने सप्टेंबर 2022 मध्ये ग्राफिक्स कार्डांचा व्यवसायच सोडला. रेडिऑनच्या 7000 मालिकेत शक्तीमर्यादेचे तक्ते सॉफ्टवेअरने बदलण्याची सोयही गेली. जे अजूनही मर्यादेपलीकडे जातात, ते एल्मॉरलॅब्सच्या ईव्हीसी2 सारख्या छोट्या बोर्डाच्या तारा कार्डावरील नियंत्रकाला सोल्डर करून त्याच्याशी थेट बोलतात.