आडात नाही, तर पोहऱ्यात कुठून?

टर्बोच्या, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारं यंत्र असलेल्या, गाडीत हौशी माणूस बदल करायला लागला की त्याचा क्रम बहुधा ठरलेला असतो. आधी एक्झॉस्ट, मग ही दाबलेली हवा थंड करणारा मोठा इंटरकूलर, मग इसीयूची (इंजिनाच्या संगणकाची) नवी ट्यून आणि वाढवलेला बूस्ट, म्हणजे टर्बोने हवेला दिलेला जादा दाब, आणि हौस फारच असेल तर टर्बोच मोठा. सगळं लक्ष हवेकडे. ती आत कोंबायची कशी, थंड ठेवायची कशी, काम झाल्यावर चटकन बाहेर काढायची कशी. पेट्रोल काय, टाकीतून येतंच आहे! टाकीच्या तळाशी बुडून बसलेल्या त्या मुठीएवढ्या पंपाची आठवण होते ती पिस्टनला भोक पडल्यावर.

थोडा हिशेब करू. टर्बो पेट्रोल इंजिन पूर्ण जोरात चालत असताना दर हॉर्सपॉवरमागे तासाला साधारण २७० ग्रॅम पेट्रोल पितं. इंजिन ३०० हॉर्सपॉवरचं असेल तर ८१ किलो. लिटरभर पेट्रोलचं वजन पाऊण किलोच्या आसपास, म्हणजे तासाला १०८ लिटर, सेकंदाला ३० मिलीलिटर. ऐकायला हे दोन मोठे चमचे. पण त्यांच्याबरोबर तासाला जवळजवळ टनभर हवा इंजिनातून जाते, आणि ती हवा पेट्रोलसाठी थांबत नाही.

रसायनशास्त्राच्या हिशेबाने १ किलो पेट्रोल जाळायला १४.७ किलो हवा लागते. पूर्ण बूस्टवर मात्र ट्यूनर हे प्रमाण ११.५ ते १२ च्या आसपास ठेवतो, म्हणजे पेट्रोल मुद्दाम जास्त देतो. ते जास्तीचं पेट्रोल ताकदीसाठी नसतं. वाफ होताना ते उष्णता शोषतं, ज्वलनाचं तापमान आवरतं आणि न जळलेलं मिश्रण ठिणगीची ज्वाला पोचण्याआधी आपणहून पेटण्याचा धोका, म्हणजे नॉकिंग, कमी करतं. पेट्रोल कमी पडलं की मिश्रण ‘लीन’ होतं आणि हे कवच जातं. ॲल्युमिनियम ६६० अंश सेल्सिअसला वितळतं, पिस्टनचा मिश्रधातू त्याहूनही आधी मऊ पडतो, आणि सिलिंडरमधली ज्वाला २००० अंशांच्या वर असते. पिस्टन एरवी टिकतो, कारण त्याच्या पृष्ठभागालगत वायूचा एक पातळ, तुलनेने थंड थर असतो. नॉकिंगचे धक्के नेमका तोच थर उडवून लावतात.

आता मूळ प्रश्न. समजा, २०० हॉर्सपॉवरची गाडी बदल करून ३०० ची केली. मूळच्या २०० ला वरच्याच हिशेबाने तासाला ७२ लिटर पुरतात. कारखाना थोडी शिल्लक ठेवून पंप बसवतो. ती शिल्लक ३०० हॉर्सपॉवरला पुरेल का? पंपाच्या खोक्यावर छापलेला आकडा वाचून याचं उत्तर मिळत नाही, आणि लोक नेमका तोच वाचतात. ‘तासाला २५५ लिटर’ हा आकडा या छंदात जवळपास प्रमाणवेळेसारखा रूढ झालाय. पण पंपाचा प्रवाह हा एक आकडा नसून आलेख असतो: किती दाबाविरुद्ध आणि किती व्होल्टवर, ते सांगितल्याशिवाय त्याला अर्थ नाही.

दाबाचं आधी घेऊ. इंजेक्टरमधून, म्हणजे पेट्रोल फवारणाऱ्या तोटीतून, किती पेट्रोल सुटेल हे त्याच्या दोन टोकांमधल्या दाबाच्या फरकावर ठरतं. मागे रेलमधला, म्हणजे इंजेक्टरना पेट्रोल पोचवणाऱ्या नळीतला दाब, पुढे मॅनिफोल्डमधला, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळीतला. बऱ्याच गाड्यांत हा फरक ३ बार असतो (१ बार म्हणजे साधारण वातावरणाएवढा दाब). बूस्ट १.४ बार झाला की इंजेक्टरच्या तोंडाशी हवा तितक्याच जोराने उलट दाबते. म्हणून रेलचा दाब सांभाळणाऱ्या रेग्युलेटरला मॅनिफोल्डची नळी जोडलेली असते आणि तो रेलचा दाब तेवढाच वर नेतो. ३ चे ४.४ बार होतात. म्हणजे इंजिनाला सगळ्यात जास्त पेट्रोल हवं असतं, नेमकं तेव्हाच पंपाला सगळ्यात जास्त दाबाविरुद्ध ढकलावं लागतं. टाकीतल्या बहुतेक पंपांत बारीक पात्यांचं एक चाक फिरतं. दाब वाढला की फटींमधून मागे गळणारं पेट्रोल वाढतं, मोटरवरचा भार वाढतो, फेरे कमी होतात. प्रवाह घटतो.

आणि या दुष्काळात तेरावा महिना असतो विजेचा. भार वाढला की मोटर जास्त करंट ओढते. समजा १० अँपिअर. कारखान्याची वायर १ चौरस मिलिमीटर जाडीची आणि जाऊन-येऊन ८ मीटर असेल, तर तांब्याच्या रोधामुळे तिच्यातच १.४ व्होल्ट खर्च होतात. अल्टरनेटर १३.८ देतोय आणि पंपाला मिळतात १२.४. व्होल्ट कमी, म्हणून फेरे कमी, म्हणून प्रवाह आणखी कमी. तीच वायर ४ चौरस मिलिमीटरची केली तर घट ०.३५ व्होल्टवर येते. त्यामुळे माझं मत विचाराल तर नवा पंप घ्यायच्या आधी बॅटरीपासून थेट जाड वायर, मध्ये फ्यूज आणि रिले (छोट्या करंटच्या इशाऱ्यावर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच), आणि बॉडीला नीट घासून दिलेलं अर्थिंग एवढं करावं. पंपाची जुनी तार आता नव्या रिलेला फक्त इशारा देते. त्यामुळे इंजिन बंद पडलं की पंप बंद होण्याची कारखान्याची सोय शाबूत राहते. अपघातात ती जीव वाचवते, तिला बगल देऊ नये.

दाब थोडासा घसरला तर काय बिघडतं? रेल ४.४ वर राहायला हवी होती, ती ३.७ ला आली असं धरू. इंजेक्टरवरचा फरक ३ बारचा २.३ झाला. प्रवाह या फरकाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात चालतो, म्हणजे पेट्रोल १२ टक्क्यांनी घटलं. मिश्रण ११.८ वरून थेट १३.४ च्या घरात. इसीयूने इंजेक्टर हुकमाप्रमाणे अगदी हवा तितका वेळ उघडला, त्याच्या लेखी सगळं ठीक आहे. पाठीमागे दाबच नव्हता, हे रेलवर सेन्सर नसेल तर त्याला कळायचं कसं? मोठे इंजेक्टर घालून हे सुटत नाही. पोहरा मोठा केला म्हणून आडातलं पाणी वाढत नाही.

मग उलटं टोक गाठणारेही असतात: बसेल तेवढा मोठा पंप. जागेवर उभं राहून चालणारं इंजिन तासाला लिटरभर पेट्रोल खातं. २५५ लिटरचा पंप तेव्हाही जोरात फिरतच असतो. उरलेलं सगळं रेग्युलेटरमधून परतीच्या नळीने टाकीत जातं. ती नळी बारीक असेल तर पेट्रोल तुंबतं, दाबाचा तो फरक ३ बारवर न थांबता वर सरकतो आणि गाडी आयडलवर गुदमरल्यासारखी चालते. शिवाय उष्णता. ४.४ बारवर तासाला २०० लिटर ढकलण्याचं खरं काम फक्त २५ वॉटच्या आसपासचं आहे, पण त्यासाठी पंप शंभराहून जास्त वॉट घेतो. बाकीची बहुतेक वीज पेट्रोल तापवण्यात जाते. लांबच्या प्रवासात, टाकी रिकामी होत आली की हे तापलेलं पेट्रोल फेऱ्यामागून फेरे मारत राहतं.

इथे अनेकांना एक शंका येते, आणि ती रास्त आहे. ब्रशवाली मोटर, तिच्या ठिणग्या, आणि भोवती पेट्रोल! स्फोट कसा होत नाही? पेट्रोलची वाफ हवेत साधारण १.४ ते ७.६ टक्के असेल तरच पेटते. मोटरच्या आतून तर द्रव पेट्रोलच वाहत असतं, तिथे हवाच नाही; आणि टाकीतल्या मोकळ्या जागेत एरवी वाफ इतकी दाट असते की तिला जळायला ऑक्सिजन पुरत नाही. तेच वाहतं पेट्रोल मोटरला थंडही ठेवतं. टाकी नेहमी तळाला नेऊन गाडी चालवणाऱ्याचा पंप लवकर मरतो तो म्हणूनच.

इथेनॉलचं प्रमाण जास्त असलेलं इंधन वापरायचं असेल तर सगळा हिशेब पुन्हा मांडावा लागतो. ८५ टक्के इथेनॉलच्या मिश्रणाला १ किलोमागे ९.८ किलोच हवा लागते, म्हणजे तेवढ्याच हवेला वजनाने दीडपट इंधन. शिवाय इथेनॉल वीज जास्त वाहतं आणि गंजवतंही. पंप त्यासाठी बनवलेलाच हवा. थेट सिलिंडरमध्ये इंधन सोडणाऱ्या नव्या इंजिनांत तर दोन पंप असतात. टाकीतला काही बारवर पुरवठा करतो आणि कॅमशाफ्टवर चालणारा दुसरा २०० ते ३५० बारपर्यंत दाब चढवतो. त्यातला कोणता कमी पडतोय ते दोन्हींचे दाब वेगवेगळे नोंदवल्याशिवाय समजत नाही.

तपासायचं कसं? रेलवर दाबाचा सेन्सर लावून बूस्टसोबत त्याची नोंद घ्यायची आणि एकातून दुसरा वजा करायचा. वरच्या गिअरमध्ये, पूर्ण थ्रॉटलवर, फेरे शेवटाला पोचेपर्यंत वजाबाकी ३ बारच राहिली तर पंप पुरेसा आहे. वरच्या फेऱ्यांना ती रेघ हळूहळू खाली झुकली तर पंप, वायर किंवा तुंबलेला फिल्टर. त्याच वेळी पंपाच्या कनेक्टरवर मोजलेले व्होल्ट तिघांतल्या वायरचा निकाल लावतात. आणि रेघ सरळ चालता चालता एखाद्या लांब वळणावर एकदम कोसळून पुन्हा वर आली, तर यातलं काहीच बदलू नका. पंप ठणठणीत आहे. पेट्रोल टाकीच्या एका कोपऱ्यात गेलं आणि पंपाने क्षणभर हवा गिळली. त्याला लागतो तो पंपाभोवती पेट्रोल धरून ठेवणारा छोटा डबा.