बुश चुकले, की बुशना तो हक्कच नव्हता?

३१ जानेवारी २००६ या एका दिवसात अमेरिकेचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांच्या टीकाकारांना टीकेसाठी हवं ते सगळं मिळालं. सकाळी सिनेटने ५८ विरुद्ध ४२ मतांनी बुश यांनी सुचवलेल्या सॅम्युअल अलिटो यांच्या सर्वोच्च न्यायालयातल्या नेमणुकीवर शिक्कामोर्तब केलं. रात्री संसदेपुढच्या वार्षिक भाषणात बुश यांनी अमेरिकेला तेलाचं व्यसन लागल्याची कबुली दिली आणि त्याच भाषणात वॉरंटशिवाय चाललेल्या फोन टॅपिंगचं ठासून समर्थनही केलं. न्यायाधीश, ऊर्जा, दहशतवाद. तिन्हींवर विरोधक तुटून पडले आणि त्या गदारोळात दोन अगदी वेगळ्या तक्रारी एकमेकींत मिसळून गेल्या.

पहिली तक्रार अशी की राष्ट्राध्यक्षांनी निर्णय वाईट घेतला. दुसरी अशी की तो निर्णय एकट्याने घ्यायचा त्यांना हक्कच नव्हता. हाउसिंग सोसायटीत राहणाऱ्यांना हा फरक लगेच कळेल. अध्यक्षांनी टाकीच्या दुरुस्तीचं काम भिकार कंत्राटदाराला दिलं, ही एक तक्रार. सर्वसाधारण सभेला न विचारता लाखोंचं काम दिलं, ही दुसरी. कंत्राटदार उत्तम निघाला तरी दुसरी तक्रार उभीच राहते. आणि सभेने नंतर ठराव करून खर्च मंजूर केला, तर दुसरी मिटते पण टाकी गळतच राहते.

अमेरिकेतही तपासायची खूण हीच. उद्या संसदेने तसा कायदा केला तर टीकाकार गप्प बसेल का? बसणार असेल तर त्याची तक्रार हक्काची आहे. नसेल, तर ती धोरणाची.

दहशतवादाच्या बाबतीत ही सरमिसळ सर्वांत जास्त झाली. ६ ऑगस्ट २००१ ला बुश टेक्सासमधल्या आपल्या रँचवर असताना त्यांच्यापुढे गुप्तचरांचं टिपण आलं. बिन लादेनने अमेरिकेत हल्ला करायचा निर्धार केला आहे, असं त्याचं शीर्षकच होतं. पाच आठवड्यांनी न्यूयॉर्कचे मनोरे पडले. त्या टिपणानंतर पुरेशी हालचाल का झाली नाही, हा आरोप निव्वळ पहिल्या प्रकारचा. इथे अधिकाराचा वाद नाही. हातातला अधिकार वापरला नाही, एवढंच म्हणणं आहे. असा आरोप कोर्टात चालत नाही. चौकशी आयोगापुढे चालतो, मतदानात चालतो. २००४ मध्ये आयोगाचा अहवालही आला आणि त्याच वर्षी बुश पुन्हा निवडूनही आले.

फोन टॅपिंगचं प्रकरण मात्र दुसऱ्या प्रकारचं. डिसेंबर २००५ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने ते फोडलं आणि दुसऱ्याच दिवशी बुश यांनी रेडिओवरून ते मान्य केलं. राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या काळातल्या हेरगिरीचा धडा घेऊन संसदेने १९७८ मध्ये कायदा केला होता: परकीय हेरांचा माग काढायला देशात फोन ऐकायचे तर एका खास गुप्त न्यायालयाकडून वॉरंट घ्या. घाई असेल तर आधी ऐका आणि ७२ तासांत अर्ज करा, इतकी सवलतही त्यात होती. शिवाय हे न्यायालय काही खडूस नव्हतं. हजारो अर्जांपैकी नाकारलेले बोटांवर मोजण्याइतके. मग ते टाळायचं कशाला? सरकारी वकिलांची उत्तरं दोन होती: राष्ट्राध्यक्ष सेनाप्रमुख आहेत म्हणून, आणि सप्टेंबर २००१ मध्ये संसदेने अल-कायदाविरुद्ध बळ वापरायची परवानगी दिली म्हणून. बळ वापरण्याच्या ठरावातून फोन ऐकण्याचा हक्क काढणं मला तरी ओढूनताणून वाटतं.

असल्या भांडणाचा पाया १९५२ चा आहे. कोरिया युद्ध चालू असताना संपाच्या भीतीने राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी पोलाद कारखाने ताब्यात घेतले आणि सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ ने ते परत करायला लावले. न्या. रॉबर्ट जॅक्सन यांनी तेव्हा तीन पायऱ्या मांडल्या. संसद पाठीशी असेल तर राष्ट्राध्यक्षांचं बळ सर्वांत जास्त. संसद गप्प असेल तर अंधुक. संसदेने उलटं सांगितलेलं असेल तर सर्वांत कमी. पोलादाची गरज होती की नव्हती, हा मुद्दा तिथे निर्णायक नव्हता. फोन टॅपिंगवर बुश तिसऱ्या पायरीवर उभे होते, असं टीकाकारांचं म्हणणं. म्हणून ‘टॅपिंगने हल्ले टळले’ हे बुश समर्थकांचं उत्तर निशाण्यावर लागतच नव्हतं. प्रश्न हक्काचा होता, उत्तर परिणामाचं.

पुढे काय झालं? २००६ मध्ये डेट्रॉइटच्या न्यायाधीशांनी कार्यक्रम घटनाबाह्य ठरवला. २००७ मध्ये अपील न्यायालयाने तो निकाल फिरवला, कारण आपलाच फोन ऐकला गेला हे फिर्यादींना दाखवता येईना. (यादी गुप्त असताना ते दाखवणार कसं, हे विचारू नये.) २००८ मध्ये संसदेने नवा कायदा करून मोठा भाग अधिकृत केला, सिनेटर बराक ओबामांनीही बाजूने मत दिलं. हक्काची तक्रार बहुतांशी विरली. लोकांच्या खासगीपणाची तक्रार जिथल्या तिथे राहिली. ग्वांतानामोच्या तळावर डांबलेल्या दहशतवादी संशयितांवरच्या लष्करी खटल्यांचंही असंच: जून २००६ मध्ये हमदान खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते अडवले आणि ऑक्टोबरमध्ये संसदेच्या नव्या कायद्याने वाट मोकळी केली.

ऊर्जेवरची बहुतेक टीका पहिल्या प्रकारची, त्यामुळे इथे फार थांबायला नको. २००५ चा ऊर्जा कायदा संसदेनेच केलेला. त्यात खडक फोडून वायू काढण्याच्या पद्धतीला पिण्याच्या पाण्याच्या कायद्यातून जवळजवळ मोकळं सोडलं, आणि उपाध्यक्ष डिक चेनी पूर्वी तेल-वायू क्षेत्रातल्या हॅलिबर्टन कंपनीचे प्रमुख असल्याने त्या पळवाटेला तिचंच नाव चिकटलं. संताप येण्यासारखं आहे, पण बेकायदा नाही. तेलाच्या व्यसनावर बोलताना बुश यांनी २०२५ पर्यंत मध्यपूर्वेतल्या तेलाच्या आयातीपैकी ७५ टक्क्यांहून अधिकला पर्याय शोधण्याचं लक्ष्य सांगितलं आणि दुसऱ्याच दिवशी ऊर्जामंत्री सॅम्युअल बॉडमन यांनी ते केवळ उदाहरण होतं असा खुलासा केला. हसावं, टीका करावी. यात न्यायालयात नेण्याजोगं काही नाही.

एक प्रकरण मात्र उफराटं आहे. गाड्यांच्या धुरातल्या हरितगृह वायूंवर मर्यादा घाला, या मागणीला बुश सरकारच्या पर्यावरण खात्याने (ईपीए) २००३ मध्ये दुहेरी नकार दिला: आम्हाला तसा अधिकार नाही, आणि असता तरी आत्ता वापरला नसता. फोन ऐकताना सगळे अधिकार आपलेच म्हणणारं हेच सरकार! एप्रिल २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ ने सांगितलं की अधिकार आहे, आणि नकार द्यायचा तर कायद्यात बसणारं कारण द्या. विरोधी चौघांत अलिटो होते.

न्यायाधीशांच्या नेमणुकांत दोन्ही तक्रारी शेजारी शेजारी सापडतात. आपल्याकडे कॉलेजियम नावं सुचवतं. तिथे राष्ट्राध्यक्ष नाव देतात आणि सिनेट मत देते. ३ ऑक्टोबर २००५ ला बुश यांनी हॅरिएट मायर्स यांचं नाव दिलं. व्हाइट हाउसच्या वकील, त्याआधी टेक्सासमध्ये बुश यांच्या खासगी वकील, न्यायाधीशपदाचा अनुभव शून्य. सर्वांत जास्त आरडाओरड बुश यांच्याच पक्षातल्या उजव्यांनी केली आणि २७ तारखेला मायर्स यांनी माघार घेतली. नाव देण्याचा हक्क कुणीच नाकारला नव्हता.

विल्यम प्रायर यांचं वेगळं. सिनेटमध्ये विरोधी डेमोक्रॅट पक्षाचे सदस्य मतदान होऊ देईनात, तेव्हा फेब्रुवारी २००४ मध्ये सिनेटच्या छोट्या सुट्टीत बुश यांनी त्यांना थेट अपील न्यायालयावर बसवलं. अधिवेशन नसताना वटहुकूम काढण्यासारखीच ही तरतूद, आणि तशीच मुदतीची. प्रायर कसे आहेत हा एक वाद. दहाएक दिवसांची सुट्टी ही घटनेतली ‘सुट्टी’ आहे का, हा दुसरा. दुसरा वाद न्यायालयात गेला, सिनेटर टेड केनेडी यांनीही तिथे नेमणुकीविरुद्ध म्हणणं मांडलं, पण नेमणूक टिकली. २००५ मध्ये सिनेटने प्रायर यांना रीतसर मंजुरी दिली. हक्काचा प्रश्न निकालात निघाला, त्यांच्या मतांवरची नाराजी कायम.

२००७ च्या अखेरीस डेमोक्रॅटांनी युक्ती काढली: दर तीन दिवसांनी काही क्षणांची नाममात्र बैठक भरवायची, म्हणजे सुट्टीच होत नाही. तीच युक्ती पुढे रिपब्लिकनांनी ओबामांवर उलटवली. जानेवारी २०१२ मध्ये ओबामांनी या बैठका न जुमानता कामगार मंडळावर तिघांना नेमलं, आणि २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ९ विरुद्ध ० ने त्या नेमणुका अवैध ठरवल्या. ओबामांनी नेमलेल्या दोन्ही न्यायाधीशांचं मतही त्या नवात होतं.