कमांडमधलं ते नागमोडी चिन्ह पुसू नका

तुमच्या जुन्या कॉम्प्युटरवर आम्ही लिनक्स टाकून देतो आणि पुढे काही अडलं की व्हॉट्सअ‍ॅपवर कमांड पाठवतो. ती तुम्ही शेजारच्या दुकानदाराला, पाव्हण्यांना पुढे धाडता. धाडा, आमची ना नाही. फक्त तिच्यासोबत तुमच्या घरचा, म्हणजे होम फोल्डरचा (तुमच्या फायली असतात तो), पत्ता जाऊ देऊ नका.

उद्यमनगरातल्या एका कारखान्यातून फोन आला, "अहो, तुम्ही दिलंत तसंच्या तसं मारलं, तर म्हणतंय असा फोल्डरच नाही!" बघितलं तर आमच्या पोरानं लिहिलं होतं: सीडी /होम/दुकान/बिले (सीडी म्हणजे त्या फोल्डरात जा). 'दुकान' हे आमच्या टेबलावरच्या मशीनचं युजरनेम, त्यांच्याकडचं 'ऑफिस'. चूक आमचीच. सीडी ~/बिले एवढं पाठवलं असतं तर पहिल्या फटक्यात चाललं असतं. (इथे वाचायला सोपं जावं म्हणून कमांड मराठी अक्षरांत दिल्यात, टाइप इंग्रजीतच करायच्या.)

या ~ ला टिल्डे म्हणतात. एस्केपच्या खालचं, १ च्या डावीकडचं बटण शिफ्टसोबत दाबा. कीबोर्ड आधी मराठीवरून इंग्रजीवर आणा. कमांड चालायच्या आधीच शेल (तुमची कमांड वाचून चालवणारा प्रोग्राम) टिल्डेच्या जागी त्या त्या माणसाच्या होम फोल्डरचा पत्ता घालतं. लिनक्सवर तो /होम/नाव असतो, मॅकवर /यूजर्स/नाव. लिहिणाऱ्याला दोन्ही माहीत असायची गरजच नाही. हेच चिन्ह का? १९७६ च्या एडीएम-३ए नावाच्या टर्मिनलवर (कॉम्प्युटरला जोडायचा पडदा आणि कीबोर्ड) 'होम' आणि टिल्डे एकाच बटणावर होते, तिथून ही सवय पडली.

आता खरी मेख. टिल्डे अवतरणचिन्हांत घातला की शेल त्याला हात लावत नाही. फोल्डरच्या नावात जागा असेल तर ~/"जुनी बिले" असं लिहा, टिल्डे बाहेर. सगळंच अवतरणात हवं असेल तर दुहेरी अवतरण घेऊन टिल्डेऐवजी $होम वापरा. ही चूक साधी वाटते, पण तिच्यामुळे कधी कधी खरोखरच '~' नावाचा फोल्डर तयार होतो. तो काढायला कोणी आरएम -आर ~ (आरएम म्हणजे पुसून टाक) मारलं, की तो फोल्डर राहतो बाजूला आणि होममधली सगळी बिलं, फोटो, हिशेब साफ. तसा फोल्डर दिसलाच तर फाइल मॅनेजरमधून त्याचं नाव बदला, कमांडच्या खिडकीकडे वळूच नका.

सुडो (मुख्य अधिकार घेऊन कमांड चालवायचा शब्द) लावून दिलेल्या कमांडमध्ये ~ तुमचंच होम राहतं, कारण तुमचं शेल आधीच पत्ता भरून मोकळं झालेलं असतं. सुडो -आय करून आत शिरलात की मात्र ~ म्हणजे /रूट, मुख्य अधिकार असलेल्या 'रूट' युजरचं होम.

विंडोजवाल्यांना ही कमांड पाठवू नका. तिथल्या साध्या काळ्या खिडकीला टिल्डे कळत नाही, तिथे %यूजरप्रोफाइल% लागतं. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर दोन टिल्डेंच्या मध्ये सापडलेला मजकूर खोडल्यासारखा दिसू शकतो, म्हणून कमांडच्या आधी आणि नंतर तीन-तीन बॅकटिक (` हे चिन्ह) टाका. बॅकटिक टिल्डेच्याच बटणावर आहे, शिफ्ट न दाबता.

दुसऱ्याला फोनवरून सांगत असाल तर आधी एको ~ (एको म्हणजे पुढचं छापून दाखव) मारायला लावा आणि आलेलं उत्तर वाचून घ्या. /रूट आलं तर तिथेच थांबवा आणि आम्हाला फोन करा. सोमवारी दुकान बंद असतं, मेसेज टाकून ठेवा.