किती चालता आणि किती चालू शकता

शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर सकाळी बसलेल्या कुठल्याही आजोबांना विचारा, उत्तर फेऱ्यांत मिळतं. ‘रोज तीन.’ कट्ट्याची एक फेरी जेमतेम 1.2 किलोमीटरची, म्हणजे साडेतीन किलोमीटर झाले. हिशेब चोख आहे. पण त्यातून ते किती चालतात एवढंच कळतं, किती चालू शकतात ते नाही. वैद्यकशास्त्रात हे दोन प्रश्न दोन वेगळ्या वाटांनी आले.

पहिली वाट बसमधून निघते. 1953 साली ब्रिटिश संशोधक जेरेमी मॉरिस आणि सहकाऱ्यांनी लंडनच्या बस कर्मचाऱ्यांची पाहणी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापली. दिवसभर बसून गाडी चालवणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा डबल डेकरचा जिना सतत चढणाऱ्या-उतरणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी होता. (बेस्टच्या डबल डेकरला दोन कंडक्टर असत, एक खाली, एक वर. इथे हीच पाहणी करायची तर पंचाईत झाली असती.) मॉरिस तेवढ्यावर थांबले नाहीत. 1956 मध्ये त्यांच्या गटाने गणवेशाच्या पँटची मापं काढली, तर तरुण ड्रायव्हरांची कंबरही कंडक्टरांपेक्षा मोठी निघाली. म्हणजे फरक जिन्याने पडला, की मुळातच वेगळी माणसं वेगळ्या कामाला लागली? स्वतःच्याच गाजलेल्या निष्कर्षावर अशी शंका घेणारे संशोधक मला जास्त विश्वासाचे वाटतात.

‘रोज दहा हजार पावलं’ हा आकडा मात्र शास्त्रातून आलाच नाही. टोकियो ऑलिंपिकनंतर 1965 मध्ये जपानमध्ये विकायला आलेल्या पाऊलमापकाचं नावच ‘मानपो-केई’, दहा हजार पावलांचा मापक. 2019 मध्ये सरासरी 72 वर्षांच्या सोळा हजारांवर अमेरिकन स्त्रियांच्या अभ्यासात मृत्यूचं प्रमाण साधारण साडेसात हजार पावलांपर्यंत कमी होत गेलं, पुढे फारसा फरक दिसला नाही.

दुसरी वाट ‘किती चालू शकता’ची. तिची सुरुवात म्हाताऱ्यांपासून नाही, अमेरिकन हवाई दलातल्या जवानांपासून झाली. 1968 मध्ये केनेथ कूपर यांनी बारा मिनिटांत किती अंतर धावता येतं ते मोजायची चाचणी मांडली. 1976 मध्ये ब्रिटनमधल्या डॉक्टरांनी धावण्याच्या जागी चालणं आणलं आणि जुनाट ब्राँकायटिसच्या (श्वासनलिकांच्या सुजेच्या) रुग्णांना बारा मिनिटं चालायला लावलं. धाप लागणाऱ्या माणसाला बारा मिनिटं म्हणजे शिक्षाच. 1982 मध्ये सहा मिनिटांनीही काम भागतं असं दिसलं, 1985 मध्ये कॅनडात ही सहा मिनिटं चालण्याची चाचणी हृदयाच्या रुग्णांसाठी वापरली गेली आणि 2002 मध्ये तिचे नियम ठरले: 30 मीटरचा सरळ, सपाट कॉरिडॉर, धावायचं नाही, दम लागला तर थांबा, पण घड्याळ थांबणार नाही.

गंमत अशी की रुग्ण किती कमी चालतो हे सांगायला धडधाकट माणूस किती चालतो ते आधी माहीत हवं. ते आकडे अमेरिकेत 1998 मध्ये आले. 40 ते 80 वयाच्या 290 निरोगी लोकांत सहा मिनिटांतल्या अंतराचा मधला आकडा पुरुषांचा 576 मीटर, स्त्रियांचा 494. अशा आकड्यांवरून बांधलेली सूत्रं आपल्याकडे जशीच्या तशी लावली की अपेक्षित अंतर फुगून येतं, असं भारतीय अभ्यासांत दिसलं आहे. तेव्हा अहवालात ‘अपेक्षित अंतरापेक्षा कमी’ लिहिलं असेल, तर अपेक्षा कुणाकडून घेतली ते डॉक्टरांना जरूर विचारा.

2011 मध्ये दोन्ही वाटा जवळ आल्या. 65 वर्षांवरच्या 34,485 लोकांच्या माहितीत नुसत्या नेहमीच्या चालीचा वेग पुढच्या आयुष्याचा बऱ्यापैकी अंदाज देत होता, सेकंदाला 0.1 मीटर वेग जास्त, तर मृत्यूचा धोका सुमारे 12 टक्के कमी. वेग वाढवला की आयुष्य वाढतं, असा याचा अर्थ नाही. हृदय, फुप्फुसं, गुडघे, तोल, सगळ्यांचा हिशेब त्या एका आकड्यात येतो, इतकंच. जागतिक आरोग्य संघटना 2020 पासून ज्येष्ठांना आठवड्याला 150 ते 300 मिनिटांच्या मध्यम हालचालीसोबत तीन दिवस तोल आणि ताकदीचे व्यायाम सांगते. कट्ट्यावर हा भाग सहसा राहून जातो.

आता पुन्हा ती फेरी. गप्पा मारत एका फेरीला वीस मिनिटं लागत असतील, तर वेग सेकंदाला जेमतेम एक मीटर येतो. सिग्नलची वेळ ठरवताना रस्ता ओलांडणाऱ्याचा वेग 1.2 मीटर धरायची जुनी पद्धत आहे. पार्कातून घरी जाताना आजोबा अर्ध्या रस्त्यात असतात आणि हिरवा माणूस लुकलुकायला लागतो.